रोज पाच शब्दांचा हिशेब

महाराष्ट्रातल्या कुठल्याही मराठी शाळेत सकाळी परिपाठाच्या वेळी गेले, की फळ्याचा एक कोपरा बहुधा आधीच भरलेला दिसतो. वर वार आणि दिनांक, खाली सुविचार, एका बाजूला पटसंख्या आणि दुसऱ्या बाजूला ‘आजचे इंग्रजी शब्द’. पाच शब्द, त्यांची स्पेलिंगे, त्यांचे अर्थ. एक मूल पुढे येते, ‘सी ए टी कॅट, कॅट म्हणजे मांजर’ असे खणखणीत आवाजात म्हणते आणि सगळा वर्ग तोच ताल धरतो. या प्रथेमागे शिक्षकांची खरी कळकळ आहे आणि तिचा हिशेबही सरळ आहे. शिक्षण हक्क कायद्यानुसार पहिली ते पाचवीच्या वर्गांना वर्षाकाठी किमान २०० दिवस शाळा असते. रोज पाच शब्द म्हणजे वर्षाला एक हजार, आणि पाचवी संपेपर्यंत पाच हजार. एवढे शब्द खरोखर हाताशी असते, तर ते मूल गोष्टीचे इंग्रजी पुस्तक आपले आपण वाचू शकले असते.

प्रत्यक्षात काय दिसते? रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना, २००० साली, महाराष्ट्राने पहिलीपासून इंग्रजी सुरू केले. त्याआधी मराठी शाळांत ते पाचवीपासून असे. या निर्णयाला पाव शतक उलटले. इतर राज्यांतही इंग्रजी असेच खालच्या वर्गांत आले. ग्रामीण भारतातल्या मुलांची पाहणी करणाऱ्या ‘असर’च्या २०२२ सालच्या अहवालानुसार देशभरात पाचवीतल्या २४.५ टक्के मुलांनाच इंग्रजीतली सोपी वाक्ये वाचता आली. २०१६ साली हेच प्रमाण २४.७ टक्के होते. आठवीतही ते ४६.७ टक्क्यांपर्यंतच पोचले. २०२३ साली याच पाहणीने १४ ते १८ वर्षांच्या मुलामुलींकडे मोर्चा वळवला. त्यांच्यापैकी ५७.३ टक्के जणांना वाक्ये वाचता आली आणि वाचू शकणाऱ्यांपैकी ७३.५ टक्के जणांना त्यांचा अर्थ सांगता आला. दोन्ही आकडे एकत्र केले, तर शंभरातल्या साधारण ४२ जणांनाच वाचलेले समजले. ही वाक्ये अवघड नव्हती. घर, पुस्तक, वेळ असल्या रोजच्या शब्दांची होती. म्हणजे हिशेबातले पाच हजार शब्द वाटेत कुठेतरी गळून जातात. ते कुठे गळतात, याचे उत्तर मुलांच्या आळसात किंवा शिक्षकांच्या कुवतीत शोधले जाते. माझ्या मते ते आपल्या पद्धतीत आहे. शब्द मुलाला आधीपासून ठाऊक असलेल्या गोष्टींना बांधला गेला आणि पुन्हा पुन्हा भेटत राहिला, तरच तो टिकतो. आपण मात्र मुलाची मराठी दाराबाहेर ठेवतो आणि रोज पाच नवे पाहुणे आणून कालच्या पाच जणांना वाऱ्यावर सोडतो.

शब्द येणे म्हणजे काय?

‘टेबल म्हणजे मेज’ एवढे पाठ झाले की टेबल हा शब्द आला, असे आपण धरून चालतो. पण तेच मूल टाइमटेबल बघते, तेव्हा तिथे मेज कुठून आले? गणिताच्या तासाला ‘टेबल्स’ म्हणजे पाढे. भूगोलात ‘वॉटर टेबल’ म्हणजे भूजलपातळी. रसायनशास्त्रात ‘पिरिऑडिक टेबल’ म्हणजे आवर्तसारणी. या सगळ्यांना जोडणारी कल्पना एकच आहे: सपाट पृष्ठ, आणि त्यावरून ओळीने मांडलेला तक्ता. कोणी ती दोन मिनिटांत समजावली, तर एका शब्दाच्या मोलात पाच जागा उजळतात. नाही समजावली, तर मुलाला हे पाच वेगळे शब्द वाटतात आणि मेज त्यांतल्या चार ठिकाणी आडवे येते. शब्द येणे याला अनेक पायऱ्या आहेत. तो ऐकून ओळखणे, लिहिलेला वाचता येणे, त्याचे स्पेलिंग येणे, त्याचा अर्थ कळणे, त्याची सोबत कोणकोणत्या शब्दांशी जमते हे उमगणे आणि शेवटी तो आपल्या वाक्यात वापरणे. तालावरच्या घोकंपट्टीत यांतली एखादी पायरी पक्की होते, आणि ती असते स्पेलिंगची.

परीक्षाही याच पायरीवर रेंगाळते. दहावीच्या तृतीय भाषा इंग्रजीच्या कृतिपत्रिकेतला पहिला प्रश्न पाहावा. गाळलेली अक्षरे भरा, शब्द वर्णानुक्रमे लावा, दिलेल्या मोठ्या शब्दातल्या अक्षरांपासून चार छोटे शब्द तयार करा, शेवटच्या अक्षरावरून शब्दसाखळी पूर्ण करा, अशा कृती त्यात असतात. काठावरच्या मुलाला धीर यावा, हा त्यांचा हेतू चांगला आहे. पुढच्या उताऱ्यांवरच्या प्रश्नांत शब्दार्थही विचारला जातो, हेही खरे. पण वर्णानुक्रम लावायला एकाही शब्दाचा अर्थ कळावा लागत नाही. अक्षरांची जुळवाजुळव म्हणजे शब्दसंग्रह, अशी समजूत शाळेच्या दहा वर्षांत मुलाच्या मनात घट्ट बसते.

दुसरी गडबड शब्दांच्या निवडीत होते. वर्गाच्या भिंतीवर फळांचा तक्ता असतो, प्राण्यांचा असतो, रंगांचा असतो. इग्लू, याक आणि झायलोफोन यांच्याशी मुलाची ओळख पहिलीतच होते; पुढच्या आयुष्यात ते शब्द त्याला किती वेळा भेटतील, हा प्रश्न कोणी विचारत नाही. ‘बिकॉज’, ‘इनफ’, ‘इच’, ‘अनलेस’, ‘ॲट लीस्ट’ हे शब्द मात्र पानोपानी येतात. त्यांचे चित्र काढता येत नाही, म्हणून ते तक्त्यावर येत नाहीत. सेमी-इंग्रजीतले मूल गणिताच्या शाब्दिक उदाहरणात अडखळते, ते बहुतेकदा ‘ॲट लीस्ट’ म्हणजे किमान आणि ‘रिमेनिंग’ म्हणजे उरलेले, हे न कळल्यामुळे. गणित त्याला येत असते. शिवाय एकाच जातीचे शब्द एकदम शिकवणे सोयीचे वाटले, तरी त्यातून गोंधळ वाढतो. थॉमस टिंकम आणि रॉब वेअरिंग या अभ्यासकांनी १९९०च्या दशकात स्वतंत्र प्रयोग करून दाखवले, की अर्थाने जवळचे नवे शब्द एकत्र शिकले तर ते एकमेकांत मिसळतात आणि पाठ व्हायला जास्त वेळ लागतो. ‘लेफ्ट’ आणि ‘राइट’ एकाच दिवशी शिकलेल्या मुलाची पुढे बराच काळ होणारी गल्लत आठवावी. आधी एक पक्का होऊ द्यावा, मग दुसरा आणावा.

किती शब्द लागतात?

या प्रश्नावर सुरुवातीचे एक गंभीर काम आपल्याच उपखंडात झाले. मायकेल वेस्ट हे भारतीय शिक्षण सेवेतले अधिकारी ढाक्याच्या अध्यापक महाविद्यालयाचे प्राचार्य होते. बंगाली मुले वर्षानुवर्षे इंग्रजी शिकूनही पुस्तक का वाचू शकत नाहीत, हा प्रश्न त्यांना पडला. द्विभाषिकतेवरचा त्यांचा अहवाल १९२६ साली निघाला. क्रमिक पुस्तकांत नव्या शब्दांची गर्दी फार असते आणि एकदा आलेला शब्द पुन्हा दिसत नाही, हे त्यांच्या ध्यानात आले. म्हणून त्यांनी नव्या पद्धतीची वाचनमाला रचली. तिच्यात नवे शब्द विरळ पेरले होते, आणि जो आला तो पुढच्या पानांवर पुन्हा पुन्हा डोकावत होता. पुढे १९५३ साली त्यांनी सुमारे दोन हजार अत्यंत उपयोगी इंग्रजी शब्दांची यादी प्रसिद्ध केली. साधारण इंग्रजी मजकुरातले सुमारे ८० टक्के शब्द तेवढ्यात सामावतात. ज्या यादीने पुढे जगभरच्या इंग्रजी पाठ्यपुस्तकांना वळण लावले, तिचे मूळ ढाक्याच्या वर्गांत आहे, हे आपण विसरलो. आणि वेस्ट यांची तक्रार शंभर वर्षांनी आपल्या फळ्याच्या कोपऱ्याला जशीच्या तशी लागू पडते.

मात्र ८० टक्के म्हणजे वाचता येणे नव्हे. दर पाचवा शब्द अनोळखी असला की काय होते, ते मराठीतच करून पाहू: ‘काल संध्याकाळी गावात अचानक ––– आला आणि सगळ्यांची एकच ––– उडाली; मुलांना आत घेऊन ––– लावली.’ आला तो पाऊस, बिबट्या की उधळलेला वळू? आपल्याला निदान ‘आला’वरून पुल्लिंग कळते आणि ‘उडाली’वरून तारांबळ सुचते. इंग्रजी क्रियापद मुलाला लिंगाचा एवढाही दुवा देत नाही. न्यूझीलंडचे पॉल नेशन यांनी आयुष्यभर या विषयाचा अभ्यास केला. मजकूर अडल्याशिवाय समजायला त्यातले ९८ टक्के शब्द ओळखीचे असावे लागतात, म्हणजे पन्नासात एकच अनोळखी, असे त्यांच्या आणि सहकाऱ्यांच्या संशोधनातून निघाले. प्रौढांसाठीची पुस्तके आणि वर्तमानपत्रे अशी वाचायची, तर आठ ते नऊ हजार शब्दकुटुंबे लागतात, हे त्यांनी २००६ साली मांडले. ‘हेल्प’, ‘हेल्पर’, ‘हेल्पफुल’, ‘हेल्पलेस’ मिळून एक कुटुंब. हा आकडा शाळेला घाबरवण्यासाठी नाही. त्याचा अर्थ एवढाच, की पहिले दोन हजार शब्द निवडून, नेटाने शिकवावे लागतील, आणि उरलेला डोंगर पाठांतराने कधीच चढता येणार नाही. त्यासाठी शब्दातून शब्द उलगडण्याची युक्ती मुलाच्या हाती द्यावी लागेल आणि भरपूर वाचन घडवावे लागेल. आता या दोन वाटांकडे वळू.

शेतातली शब्दसंपत्ती

मराठी शाळेतले मूल इंग्रजीच्या बाबतीत कोरी पाटी असते, हा आपला पहिला गैरसमज. खानदेशातल्या केळीच्या बागेत वाढणाऱ्या मुलाच्या तोंडचे शब्द मोजावेत: मोटर, स्टार्टर, फ्यूज, व्हॉल्व, फिल्टर, सबमर्सिबल, ट्रान्सफॉर्मर, ट्रॅक्टर, ट्रॉली, क्लच, गिअर, ड्रिप, सबमेन, लॅटरल. या शब्दांचा अर्थ त्याने शब्दकोशात पाहिलेला नाही, हाताने अनुभवलेला आहे. लॅटरल म्हणजे सबमेनच्या बाजूने निघून झाडांच्या ओळीशेजारून जाणारी बारीक काळी नळी. सातवी-आठवीत याच मुलाला भूमितीत ‘इक्विलॅटरल ट्रँगल’ भेटतो आणि तो स्पेलिंग घोकत बसतो. ‘लॅटरल’ म्हणजे बाजूचा आणि ‘इक्वि’ म्हणजे सम, एवढे सांगितले की समभुज त्रिकोण त्याच्या शेतातून चालत वर्गात येतो. मराठी संज्ञेची घडणही तीच आहे: सम आणि भुज. ‘सब’ म्हणजे खाली किंवा दुय्यम, हे सबमेन आणि सबमर्सिबल या दोन शब्दांतून त्याला आधीच ठाऊक आहे. तिथून ‘सबमरीन’ म्हणजे पाणबुडी फार दूर नाही.

ट्रॅक्टर हा तर अख्खा धडा आहे. लॅटिनमध्ये त्याच्या मुळाशी ओढणे ही क्रिया आहे. ट्रॅक्टर म्हणजे ओढणारा. ‘अट्रॅक्ट’ म्हणजे आपल्याकडे ओढणे, ‘सबट्रॅक्ट’ म्हणजे खालून ओढून काढणे, म्हणून वजाबाकी. ‘एक्स्ट्रॅक्ट’ म्हणजे बाहेर ओढून काढलेला अर्क किंवा उतारा, आणि ‘डिस्ट्रॅक्ट’ म्हणजे लक्ष भलतीकडे ओढणे. आता मराठीकडे पाहावे. संस्कृतातल्या ‘कृष्’ या धातूचा अर्थही ओढणे, नांगर ओढणे. त्यातूनच कृषी आली, आकर्षण आले आणि निष्कर्षही आला. आकर्षण म्हणजे ‘अट्रॅक्शन’ आणि निष्कर्ष म्हणजे बाहेर ओढून काढलेले सार. दोन भाषांनी हजारो कोसांवर राहून एकाच अनुभवातून सारख्याच घडणीचे शब्द रचले, हे कळल्यावर मुलाच्या डोळ्यांत जे उजाडते, ते शंभर स्पेलिंगांच्या पाठांतरातून उजाडणार नाही. मराठीच्या तासाला उपसर्ग आणि प्रत्यय आपण शिकवतोच. इंग्रजीच्या शिक्षकाने त्याच ज्ञानावर ‘अन’, ‘री’, ‘प्री’, ‘एबल’, ‘लेस’ यांची कलमे बांधली, तर एका शब्दाचे दहा होतात.

विज्ञानाच्या परिभाषेत हे काम आणखी सोपे आहे, कारण आपल्या बऱ्याचशा शास्त्रीय संज्ञा इंग्रजी संज्ञांच्या घटकांवरूनच बेतल्या आहेत. ‘फोटोसिंथेसिस’मधला ‘फोटो’ म्हणजे प्रकाश आणि ‘सिंथेसिस’ म्हणजे संश्लेषण, प्रकाशसंश्लेषण. ‘मायक्रोस्कोप’ म्हणजे सूक्ष्मदर्शी, ‘टेलिफोन’ म्हणजे दूरध्वनी. ‘ट्रान्सफॉर्म’ म्हणजे रूपांतर; विजेचा दाब बदलून देणारा गावाच्या वेशीवरचा ट्रान्सफॉर्मर नेमके तेच करतो. एसटीतल्या कंडक्टरला महामंडळाच्या मराठीत वाहक म्हणतात आणि विज्ञानाच्या पुस्तकात तांब्याची तारही वाहक असते. इंग्रजीतही दोघे ‘कंडक्टर’च. मराठी माध्यमाच्या वरच्या वर्गांच्या विज्ञानाच्या पुस्तकांत मराठी संज्ञेशेजारी इंग्रजी संज्ञा छापलेली असतेच. ती कंसात निपचित पडून राहते. शिक्षकाने दोन्ही शब्द फळ्यावर शेजारी लिहून तुकडे पाडून दाखवले, की विषयही समजतो आणि शब्दही बसतो.

उसन्या शब्दांचे हे भांडवल जपानने पारखून पाहिले आहे. फ्रँक डॉल्टन या अभ्यासकाने २००८ साली दाखवले, की इंग्रजीतल्या सर्वाधिक वापराच्या तीन हजार शब्दकुटुंबांपैकी जवळजवळ निम्म्यांची उसनी रूपे जपानी भाषेत रुळलेली आहेत. मराठीतही अशी मोजदाद व्हायला हवी. मात्र उसना शब्द घरी आला की त्याचा अर्थ थोडा सरकतो, हे ध्यानात ठेवावे लागते. आपण ‘लाइट गेली’ म्हणतो तेव्हा वीज गेलेली असते. पुस्तकातला ‘लाइट’ म्हणजे प्रकाश किंवा वजनाने हलका. आपले टेन्शन मनात असते, भौतिकशास्त्रातले ‘टेन्शन’ दोरीत असते. बॅटरीचा सेल, कपड्यांचा सेल आणि शरीरातला सेल म्हणजे पेशी, हे तिन्ही ‘सेल’ देवनागरीत सारखेच लिहिले जातात. इंग्रजीत कपड्यांच्या सेलचे स्पेलिंग वेगळे आहे आणि उच्चारही जरा लांबतो. म्हणून उसना शब्द हा शेवटचा मुक्काम नव्हे, ती पहिली पायरी आहे. पण पायरी आहे म्हणून ती वापरायची, की तिच्यावर खरचटण्याची भीती आहे म्हणून बुजवून टाकायची?

व्याकरणातले शब्दही मराठीच्या आधारानेच स्वच्छ कळतात. मराठीत ‘जरी’ला ‘तरी’ लागते, म्हणून आपली मुले ‘ऑलदो’नंतर हमखास ‘बट’ घालतात. ही चूक लाल शाईने शंभरदा खोडली तरी जात नाही, कारण तिचे मूळ मुलाच्या योग्य अशा मराठी जाणिवेत आहे. ‘आपल्याकडे जोडी लागते, इंग्रजीत दोघांपैकी एकच येतो’ असे एकदा मराठीत सांगितले, की ते कायमचे समजते. ‘अनलेस’चे तसेच. ‘जोपर्यंत अमुक होत नाही, तोपर्यंत’ यातला नकार इंग्रजीने त्या एका शब्दातच गिळला आहे; म्हणून पुढे वेगळा ‘नॉट’ लागत नाही.

मराठी आड येते का?

यावर ठरलेला आक्षेप येतो: इंग्रजी इंग्रजीतूनच शिकवावे, वर्गात मराठी आली की मुले भाषांतराच्या सवयीला लागतात आणि इंग्रजीत विचार करत नाहीत. याच विश्वासापोटी लाखो पालक घरात इंग्रजीचा शब्द नसताना मुलांना इंग्रजी माध्यमात घालतात. या मताला अधिकृत वजन आले, ते १९६१ साली युगांडातल्या मकेरेरे इथे भरलेल्या राष्ट्रकुल परिषदेपासून. पुढे १९९२ साली रॉबर्ट फिलिप्सन यांनी त्या परिषदेने रूढ केलेल्या पाच गृहीतकांची चिकित्सा केली आणि ‘फक्त इंग्रजीतून’ हे त्यांतले पहिलेच गृहीतक पुराव्यावाचून उभे असल्याचे दाखवले. नव्या शब्दाची पहिली ओळख करून देताना मातृभाषेतला अर्थ हा सर्वांत जलद आणि नेमका मार्ग आहे, याला प्रयोगांचा आधार आहे. ‘रिस्पॉन्सिबिलिटी’चा अर्थ इंग्रजी व्याख्येतून समजावताना आणखी चार अनोळखी शब्द मध्ये येतात, ‘जबाबदारी’ म्हटले की काम होते. वाचलेला वेळ मग तो शब्द इंग्रजी वाक्यांत वापरण्यासाठी मिळतो. आक्षेपात तथ्य आहे ते इतकेच, की अर्थ सांगून थांबणे घातक आहे. तास मराठीतच संपला आणि मुलाच्या कानावर इंग्रजी पडलेच नाही, तर शब्द मुके राहतात. मराठी उंबरठा आहे. तो ओलांडून आत जायचे असते. त्याच उंबरठ्यावर बसून राहणे जसे चूक, तसाच तो उखडून टाकणेही.

उलट बाजूचा आक्षेप मराठीच्या काळजीतून येतो. वर्गात इंग्रजी शब्द असे मोकळेपणाने आणले, तर मराठी आणखी भेसळीची होईल, असे अनेकांना वाटते. या काळजीचा मला आदर आहे. पण वर सांगितलेल्या पद्धतीत काय घडते, ते पाहावे. ट्रॅक्टरच्या निमित्ताने निष्कर्ष आणि आकर्षण यांची घडण कळते, इक्विलॅटरलच्या निमित्ताने समभुज उमगतो, ‘ऑलदो’मुळे ‘जरी-तरी’कडे पहिल्यांदा लक्ष जाते. आपल्याच भाषेची बांधणी मुलाला दुसऱ्या भाषेच्या उजेडात दिसते. मराठी पातळ होते, ती मराठी शब्द न शिकवल्याने. दोन भाषांचे शब्द डोळसपणे शेजारी ठेवल्याने तिचे काही बिघडत नाही.

विसरण्याशी सामना

आता त्या पाच हजार शब्दांच्या गळतीकडे. हरमान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १८८५ साली स्वतःवर प्रयोग करून दाखवले, की पाठ केलेले बरेचसे पहिल्या काही तासांत आणि दिवसांतच विसरते; विसरण्याचा वेग पुढे मंदावतो. शब्दांच्या बाबतीत यावर उपाय काय, हे जेफ्री कार्पिके आणि हेन्री रोडिगर यांनी २००८ साली फार स्पष्टपणे दाखवले. त्यांनी विद्यार्थ्यांना स्वाहिली भाषेतले ४० शब्द इंग्रजी अर्थांसह दिले. सगळ्यांनी सगळे शब्द शिकून घेतले. त्यानंतर काही गटांना तेच शब्द पुन्हा पुन्हा आठवायला लावले. इतर गटांत, एकदा आठवलेला शब्द पुढच्या चाचणीतून वगळला, मग तो पुन्हा वाचायला दिला असो वा नसो. आठवड्याने पहिल्या प्रकारच्या गटांना सुमारे ८० टक्के शब्द आठवले, दुसऱ्यांना ३५ टक्क्यांच्या आसपास. शब्द पुन्हा पुन्हा बघण्याने टिकला नाही; तो मनातून वर काढण्याच्या कष्टाने टिकला. हॅरी बाहरिक यांनी तर पत्नी आणि दोन मुलींना सोबत घेऊन नऊ वर्षे परकीय भाषांतल्या ३०० शब्दजोड्यांचा अभ्यास केला. १९९३ साली त्या चौघांच्या नावे प्रसिद्ध झालेल्या निबंधाचा निष्कर्ष असा: ५६ दिवसांच्या अंतराने केलेल्या १३ उजळण्या १४ दिवसांच्या अंतराने केलेल्या २६ उजळण्यांइतक्याच टिकाऊ ठरल्या. उजळणी अंतर ठेवून केली, तर निम्म्या श्रमात तेवढेच फळ मिळते.

इथे कोणी म्हणेल, की पाठांतराला एवढी नावे ठेवता, पण आमच्या आजोबांची पिढी तर्खडकरांची भाषांतर पाठमाला घोकूनच उत्तम इंग्रजी शिकली. हा आक्षेप मोलाचा आहे, कारण त्या पाठमालेत खरोखर काय होते, हे तो बघायला लावतो. तिच्यात शब्द होते, पण ते लगेच वाक्यांत जात होते. इंग्रजीचे मराठी आणि मराठीचे इंग्रजी करताना प्रत्येक शब्द मनातून खेचून काढावा लागे. मागल्या धड्यातले शब्द पुढच्या वाक्यांत परत भेटत. मराठी तर तिच्या पानापानावर होती. म्हणजे ज्या तीन गोष्टी संशोधन आज सांगते, त्या तिच्यात नांदत होत्या. आपण त्या परंपरेतले घोकणे तेवढे ठेवले आणि भाषांतर, वाक्य, पुनर्भेट सोडून दिली. शिवाय त्या पिढीतल्या यशस्वी लोकांचे आपल्याला स्मरण आहे. इंग्रजीतच नापास होऊन ज्यांची शाळा सुटली, त्यांची गणती कोणी ठेवलेली नाही.

पुस्तकांचा पूर

दोन हजार शब्दांपलीकडची वाट वाचनातून जाते, आणि इथेही स्वप्नरंजन नको. वाचताना भेटलेला अनोळखी शब्द संदर्भावरून आपोआप कळण्याची शक्यता थोडी असते. दोन डच संशोधकांनी १९९९ साली २० प्रयोगांचा एकत्रित आढावा घेतला, तेव्हा ती सुमारे १५ टक्के भरली. म्हणून पाठ्यपुस्तकातली दहा-बारा पाने वर्षभर चघळून शब्दसंग्रह वाढत नाही. भरपूर वाचावे लागते, आणि ते सोपे असावे लागते. हे साध्या शाळांत जमते का? फिजीमध्ये जमले. वॉरविक एली आणि फ्रान्सिस मंगुभाई यांनी तिथल्या आठ ग्रामीण शाळांतल्या चौथी-पाचवीच्या वर्गांना इंग्रजीतली प्रत्येकी २५० सचित्र गोष्टीची पुस्तके दिली. मुलांची मातृभाषा फिजीयन किंवा हिंदी होती आणि शिक्षकही तिथलेच होते. काही वर्गांत शिक्षक मोठ्या आवाजात गोष्ट वाचून तिच्यावर गप्पा मारत, काही वर्गांत मुले रोज थोडा वेळ गुपचूप वाचत. आठ महिन्यांनी या मुलांची वाचनातली आणि ऐकून समजण्यातली प्रगती नेहमीच्या दुप्पट वेगाने झालेली दिसली. वीस महिन्यांनी फरक आणखी वाढला आणि लेखनातही उतरला. १९८३ साली प्रसिद्ध झालेला हा प्रयोग ‘पुस्तकांचा पूर’ म्हणून ओळखला जातो.

आपल्याकडे पुस्तके कुठून आणायची, वेळ कुठून काढायचा आणि शिक्षकाचेच इंग्रजी कच्चे असेल तर काय, हे प्रश्न खरे आहेत. पुस्तकांचा प्रश्न पूर्वीइतका बिकट राहिलेला नाही. ‘प्रथम बुक्स’ने २०१५ साली सुरू केलेल्या ‘स्टोरीवीव्हर’वर वाचनपातळीनुसार लावलेल्या गोष्टी मराठीत आणि इंग्रजीत मोफत मिळतात. एकच गोष्ट आधी मराठीत वाचावी आणि दुसऱ्या दिवशी इंग्रजीत. अर्थ ठाऊक असल्याने अनोळखी शब्दांची दारे आपोआप किलकिली होतात. वेळ पाच नव्या शब्दांतून आणि एका शब्दसाखळीतून निघू शकतो. आणि कच्च्या इंग्रजीच्या शिक्षकाला तर गोष्टीचे पुस्तक हाच मोठा आधार आहे, कारण चांगली वाक्ये त्यात तयार असतात. उच्चाराची शंका आली तर मोबाइल शब्द म्हणून दाखवतो. राहिला प्रश्न, की मोबाइलच सगळे भाषांतर करून देत असताना शब्द शिकायचे कशाला? भाषांतर बरोबर झाले की नाही हे ओळखायलाही शब्द लागतात. मुलाखतीत समोरच्याचा प्रश्न कळायला लागतात, औषधाच्या वेष्टनावरची सूचना आणि कर्जाच्या कागदावरची अट वाचायला लागतात. ज्याच्याकडे शब्द नाहीत, त्याला दुसऱ्याने सांगितलेल्या अर्थावर विसंबावे लागते. गरिबाघरच्या मुलाला ते सर्वांत महागात पडते. म्हणून हा विषय केवळ अध्यापनतंत्राचा नाही, न्यायाचाही आहे.

त्या फळ्याच्या कोपऱ्याकडे परत येऊ. तो पुसून टाकायचे कारण नाही. शिक्षकांची कळकळ आणि मुलांचा उत्साह तिथे रोज हजर असतो. तिथले गणित तेवढे बदलायला हवे. रोज पाच नव्यांऐवजी एकच नवा शब्द लिहावा, पण निवडून, कामाचा. त्याच्या शेजारी त्याचा मराठी भाऊबंद लिहावा. खाली चार जुने शब्द, अर्थ न लिहिता: एक कालचा, एक मागल्या आठवड्याचा, एक गेल्या महिन्यातला आणि एक दिवाळीच्या सुट्टीपूर्वीचा. पुढे आलेल्या मुलाने स्पेलिंग म्हणून दाखवण्याऐवजी त्यांतल्या एकाचे वाक्य करावे, घरातले, शेतातले, रस्त्यावरचे. वर्षाला दोनशेच नवे शब्द होतील आणि कागदावर हा हिशेब फार तोकडा दिसेल. पण ‘लॅटरल’सारख्या एकेका शब्दामागून त्याचे कुटुंब येईल, गोष्टीच्या पुस्तकांतून आणखी येतील, आणि पाचवीच्या शेवटच्या दिवशी पहिलीतला शब्द विचारला, तर वर्गातून हात वर येतील.